मशीनने गिळलेले 43,500 आणि बाँडवरची सही

केज तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय: “आमच्या बचत गटात बारा जणी आहेत, मी सचिव. गटाचे 43,500 रुपये, सगळ्या पाचशेच्या नोटा, दुसऱ्या शनिवारी बँक बंद म्हणून तालुक्याच्या गावी पैसे भरायच्या मशीनमध्ये टाकले. गटाचा खाते नंबर दाबला, मशीनने नोटा मोजल्या, आकडा बरोबर दिसला, मी होकाराचं बटण दाबलं आणि लाइट गेली. ना पावती, ना मेसेज, ना पैसे परत. सोमवारी साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘मशीन टॅली आहे.’ आज एकोणीस दिवस झाले. दोघी-तिघी म्हणतात मीच खाल्ले. बाँडवर लिहून दे, नाहीतर पोलिसात जातो म्हणतात. काय करू?”

ताई, आधी बाँडचं बोलू. सही करू नका. घरचेही म्हणतील, देऊन टाक लिहून, कटकट मिटेल. मिटत नाही. ‘मी गटाचे 43,500 रुपये देणे लागते’ असं एकदा तुमच्या सहीने कागदावर आलं, की उद्या बँकेचा वकील तोच कागद दाखवून म्हणणार, पैसे मशीनमध्ये गेलेच नव्हते, बाईंनी स्वतः कबूल केलंय. म्हणजे गावातलं भांडण मिटवायला गेलात आणि बँकेची केस तुम्हीच तयार करून दिलीत. गटाचा कर्जाचा हप्ता थकतोय म्हणून पदरचे पैसे घालावेच लागले, तर ते इतिवृत्तात असं लिहून घ्या: ‘बँकेकडून रक्कम जमा होईपर्यंत सचिवांनी गटाला तात्पुरते पैसे दिले, रक्कम आल्यावर त्यांना परत करायची.’ खाली सगळ्यांच्या सह्या. या दोन कागदांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पोलिसांची भीती काढून टाका. अपहाराचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 316, लागायला नुसते पैसे हरवून चालत नाहीत. सोपवलेले पैसे अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरले, हे दाखवावं लागतं. गटाचे पैसे गटाच्याच खात्यात, बँकेच्याच मशीनमधून भरायला गेलेल्या बाईकडे अप्रामाणिकपणा कुठून आणणार? दिवाणी बाजूनेही, दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याने नेहमीची काळजी आणि कसोशी दाखवायची, एवढंच करार कायद्याचं कलम 212 मागतं. ती तुम्ही दाखवली. ठाण्यातून बोलावणं आलंच तर जा, झालं तसं सांगा, आणि सोबत पुढे सांगतो ते कागद न्या.

आता ‘टॅली आहे’ या उत्तराकडे येऊ. मशीनमध्ये टाकलेल्या नोटा थेट तिजोरीच्या पेटीत पडत नाहीत. मोजून झाल्या की त्या आत एका तात्पुरत्या कप्प्यात थांबतात, आणि व्यवहार पक्का झाला की पेटीत जातात. नेमक्या त्याच क्षणी वीज गेली तर नोटा त्या कप्प्यात किंवा वाटेतल्या रोलरमध्ये अडकू शकतात. मशीन पुन्हा सुरू झालं की त्या ओढून निराळ्या पेटीत टाकल्या जाऊ शकतात. कोणी फक्त मुख्य पेट्या मोजल्या तर हिशेब टॅली दिसणारच! म्हणून ‘टॅली आहे’ ऐकून परत यायचं नाही. काय काय मोजलं, कोणी मोजलं आणि कधी, हे विचारायचं.

पण तुम्ही विचारलंत ते तोंडी. इथे मी जरा रागावतो. एकोणीस दिवसांत तुमचा एकही कागद बँकेत नाही. तोंडी तक्रारीची तारीख नसते, नंबर नसतो, आणि साहेबांची बदली झाली की ती तक्रारही त्यांच्यासोबत जाते.

लेखी तक्रार गटाच्या नावाने करा, कारण खातं गटाचं आहे. आधी बैठक घेऊन ठराव करा, अध्यक्ष आणि सचिव यांना बँकेशी पत्रव्यवहार करायचा अधिकार द्या. आणि एक सुचवतो: जिचा तुमच्यावर सर्वांत जास्त संशय आहे, तिलाच अध्यक्षांबरोबर बँकेत पाठवा. साहेबांचं उत्तर तिने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं बरं.

तक्रारीत मशीनचा नंबर (दर्शनी भागावर चिकटवलेला असतो), तारीख, अंदाजे वेळ आणि 87 नोटा हे लिहा. मग मागा: त्या दिवसाचा मशीनचा इलेक्ट्रॉनिक जर्नल (म्हणजे मशीन स्वतः ठेवतं ती प्रत्येक व्यवहाराची नोंद), त्यानंतर मशीन उघडून रोकड मोजल्याचा अहवाल, परत ओढलेल्या नोटांच्या पेटीची मोजणी, आणि जादा निघालेली रोकड बँक ज्या खात्यात ठेवते त्याचा त्या काळातला उतारा. सीसीटीव्हीसाठी निराळा अर्ज द्या, तोही आधी. फुटेज बँक जन्मभर सांभाळत नाही, काही काळाने ते पुसलं जातं. तुम्हाला फुटेज हातात देणार नाहीत कदाचित, पण ‘जपून ठेवा’ एवढं लेखी गेलं पाहिजे. जर्नल आणि फुटेज ज्याच्या ताब्यात, त्यानेच खुलासा करायचा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 109 चा रोख तोच आहे. मागूनही पुरावा दडवला तर तो दडवणाऱ्याच्या विरुद्ध गृहीत धरता येतो, हे कलम 119 मध्ये आहे.

तुमच्याकडचा पुरावा तुम्हाला वाटतो तितका थोडा नाही. पैसे तुमच्याकडे दिल्याची इतिवृत्तातली नोंद तुम्हाला अडचणीची वाटत असेल, पण रक्कम किती होती हे तीच सांगते. एसटीचं अर्धं तिकीट सापडलं तर त्यावर तारीख-वेळ आहे. आणि सर्वांत मोलाचं म्हणजे महावितरणच्या कार्यालयात अर्ज करून त्या दुपारी त्या भागातली वीज कधी गेली आणि कधी आली याची नोंद मागा. ती वेळ मशीनच्या जर्नलमधल्या वेळेशी जुळली, तर बँकेला बोलायला फारसं उरत नाही.

‘उशिराचे दिवसाला शंभर रुपये’ असं कोणी सांगेल. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकात एटीएमसाठी तो दर आहे, पण खात्यातून कापले गेले आणि नोटा आल्याच नाहीत अशा व्यवहाराला. भरण्याच्या व्यवहारावर तो जसाच्या तसा ठोकू नका. तक्रारीचा एक मुद्दा चुकीचा निघाला की बाकीच्यांकडेही तशाच नजरेने बघतात. तुम्ही मूळ रक्कम आणि त्यावरचं व्याज मागा.

लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. फी नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या वेबसाइटवर तक्रार करता येते, माहितीसाठी 14448 हा फोन आहे. वकिलामार्फत केलेली तक्रार तिथे घेत नाहीत, त्यामुळे माझी फी तुम्ही वाचवलीत. तिथे समाधान झालं नाही तर बीडचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. क्रम उलटा करू नका, आयोगात प्रकरण चालू असलं की लोकपाल हात लावत नाही. बचत गट नोंदणीकृत नाही म्हणून कोणी अडवलं तर सांगा, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या ‘व्यक्ती’च्या व्याख्येत नोंदणी नसलेला व्यक्तींचा समूहही येतो. मुदत दोन वर्षांची आहे आणि एवढ्या रकमेला तिथेही फी नाही.

उद्याच दोन प्रती घेऊन जा. शिपाई ‘ठेवून जा’ म्हणाला तरी ठेवून येऊ नका, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. नाहीच दिली तर तिथूनच पोस्टात जा, तेच पत्र शाखाधिकाऱ्यांच्या नावे स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती गटाच्या रोखपुस्तकात चिकटवून ठेवा.