आम्ही नवरा-बायको पहिल्यांदाच क्रूझवर जातोय. दोघांनाही फोटोग्राफीचा नाद आहे. काय तयारी करावी?

लेन्सचं नंतर सांगतो, आधी पहिल्या पहाटे आमची झालेली फजिती ऐका.

जहाज उजाडताना बंदरात शिरणार होतं. साडेपाचला उठलो, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि थेट वरच्या डेकवर. डोंगरामागे तांबडं फुटत होतं, दीपगृहाचा दिवा अजून फिरत होता आणि मला व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत होतं नुसतं पांढरं! केबिनमध्ये रात्रभर एसी, त्याने कॅमेरा गारठलेला. बाहेरची दमट हवा लागताच काचेवर वाफ धरली. शर्टाच्या टोकाने पुसली, तर फरफटली आणि पुन्हा धरली. काच निवळेपर्यंत वीस मिनिटं गेली, दीपगृह मागे पडलं. बायकोचा फोन रात्रभर तिच्या उशीखाली उबेत होता. तिने काढलेला फोटो आज आमच्या भिंतीवर आहे.

तेव्हा कॅमेरा बॅगेत, चेन लावून, अर्धा तास आधी बाहेर नेऊन ठेवा आणि तोवर बॅग उघडू नका. वाफ धरलेली असताना लेन्स तर मुळीच काढू नका, तोच दमटपणा आत सेन्सरवर जाऊन बसतो.

ट्रायपॉड घरीच ठेवा. जहाज २० नॉटने चाललं तर ताशी साधारण ३७ किलोमीटर होतात, म्हणजे एका सेकंदात तुम्ही दहा मीटर पुढे गेलेले असता. शिवाय इंजिनाची थरथर पायाखाली सतत असते आणि जहाज डोलतंही. ताऱ्यांचे लांब एक्स्पोजर विसरा. किनारा टिपताना आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील आहे ते) बिनधास्त वाढवा, म्हणजे शटर वेगवान ठेवता येतं. फोटो थोडा दाणेदार आला तर चालतो, हललेला चालत नाही. मात्र रात्री एक गंमत करून पाहा: डेकवरच्या खुर्चीवर टॉवेलची घडी, त्यावर कॅमेरा, अर्ध्या-एक सेकंदाचं शटर. कॅमेरा जहाजाबरोबरच हलत असल्यामुळे डेक बऱ्यापैकी स्पष्ट येतो आणि किनाऱ्यावरच्या दिव्यांच्या रेघा होतात. कठड्यावर टेकवू नका, तो जास्त थरथरतो.

लेन्स दोघांत वाटून घ्या. एकाकडे २४-१०५ मिमीसारखी (जवळचं, रुंद दृश्य टिपणारी), दुसऱ्याकडे ७०-३०० मिमीसारखी (लांबचं जवळ आणणारी), आणि अर्ध्या दिवसाने कॅमेरेच बदला. उघड्या डेकवर खाऱ्या वाऱ्यात लेन्स बदलायची वेळच येत नाही. (कोणाकडे कोणता यावरून आमचं एकदा वाजलं, पण ते तुमचं तुम्ही बघा.) रात्री आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) मिठाचे कण उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी आणि लेन्सची बाहेरची बाजू पुसा. कण न उडवता पुसलंत तर चरे पडतील.

समुद्रातल्या दिवसांकडून फार अपेक्षा ठेवू नका. तीस मीटर उंचीच्या डेकवरून क्षितिज सुमारे २० किलोमीटरवर असतं आणि तिथवर बहुतेक वेळा पाण्याशिवाय काही नसतं. अशा फोटोत ती एक रेघ जराशी तिरकी झाली तरी खुपते, म्हणून स्क्रीनवर ग्रिड चालू ठेवा. त्यापेक्षा जहाजच टिपा: दोरखंडांची वेटोळी, ओल्या डेकवरची सावली, मागच्या बाजूने पाण्यात उमटत जाणारी पांढरी वाट. खरी मेजवानी बंदरात शिरताना आणि निघताना. त्या वेळा आदल्या दिवशीच विचारून ठेवा. जहाजावरचं घड्याळ कधी कधी मध्येच पुढेमागे करतात.

ड्रोन बहुतेक कंपन्या उडवू देत नाहीत, सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्डही बऱ्याच ठिकाणी काढून घेतात. केबिनमध्ये प्लग मोजकेच, त्यामुळे जादा बॅटऱ्या न्या. कॅसिनोत कॅमेरा काढायच्या आधी विचारा.

परत आल्यावर आमचे दोघांचे मिळून अडीच हजारांवर फोटो निघाले. दोघं एकत्र असलेले तीन, त्यातले दोन हललेले. मी मॅन्युअलवर (सगळं हाताने जुळवायच्या सेटिंगवर) लावलेला कॅमेरा दुसऱ्या प्रवाशाच्या हातात दिला होता, बिचारा काय करणार! अशा वेळी फोनच द्या.