नव्या कॅमेऱ्याचे फोटो शार्प येत नाहीत, लेन्स बदलून घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठवड्यापूर्वी २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर घेतला, सोबत १८-५५ची किट लेन्स आली. फोटो मोबाइलपेक्षाही धूसर येतात. दुकानदार म्हणतो किट लेन्स अशीच असते, मेहुणे म्हणतात पीस खराब लागलाय, आणि बदलून घ्यायच्या मुदतीचे तीनच दिवस उरलेत. सोबत तीन फोटो जोडलेत.

मी साताऱ्यात लग्नं-मुंजींचे फोटो काढतो, पोटापाण्याचा धंदाच तो. तुमचे तिन्ही फोटो मोठे करून नीट पाहिले. त्यांच्यावरून लेन्सला दोष देता येत नाही. लेन्स निर्दोष आहे असंही मी म्हणत नाही. एवढंच की तिच्याविरुद्ध अजून पुरावा नाही. तिन्ही फोटो धूसर आहेत हे खरं, पण तिघांचं दुखणं वेगवेगळं आहे.

पहिला, भाचीच्या बारशाचा. फाइलच्या माहितीत दिसतंय: झूम ५५ मिमी, एफ/५.६ (लेन्सचं भोक किती उघडं ते; आकडा मोठा तेवढं भोक बारीक), शटर १/२५ सेकंद, आयएसओ ८०० (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते). पाळण्यावर दिव्यांची माळ सोडली आहे, तिचा एकेक दिवा बघा. दिवा ठिपक्यासारखा दिसायला हवा, तो तिरक्या बारीक रेघेसारखा दिसतोय, आणि सगळ्या दिव्यांची रेघ एकाच दिशेला ओढली गेली आहे. म्हणजे कॅमेरा हललाय. हातात धरून काढताना जुना ठोकताळा असा की शटर निदान १/फोकल लेंग्थ (झूमचा मिमीतला आकडा) ठेवावं, आणि तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, लहान असल्यामुळे त्याला दीडने गुणावं. ५५ ला दीडने गुणलं की ८२ येतात, म्हणजे १/१०० धरा. तुम्ही १/२५ वर काढलाय. लेन्सच्या अंगावर स्टॅबिलायझरचा खटका असेल तर तो बंद राहिला होता का तेही पाहा, कारण चालू असता तर इतकं हललं नसतं.

त्याच फोटोत दोरी ओढणाऱ्या आजींचा हात वेगळाच पुसट झालाय. तो स्टॅबिलायझरनेही थांबला नसता. स्टॅबिलायझर तुमचा हात सावरतो, समोरच्याचा नाही. त्याला उपाय एकच, शटरचा वेग वाढवणं. आयएसओ ८०० चा ३२०० केला असता तर तेवढ्याच उजेडात १/१०० मिळालं असतं. थोडा ग्रेन, म्हणजे फोटोवर दाणे, आला असता, येऊ दे. ग्रेनवाला फोटो अल्बममध्ये लागतो, हललेला कुणी लावत नाही.

दुसरा, सिंहगडावरून खडकवासल्याच्या पाण्याचा. यात काहीच हललेलं नाही, पण झाडापासून क्षितिजापर्यंत सगळं सारखंच मऊ आहे. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/२२. निसर्गाचे फोटो काढताना अॅपर्चर होईल तेवढं बारीक करावं असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार. मलाही सांगितलं होतं. भोक बारीक केलं की त्यातून जाणारा प्रकाश पसरतो आणि एका बिंदूची छोटी चकती होते. एफ/२२ ला या चकतीचा व्यास सुमारे ३० मायक्रॉन भरतो. तुमच्या सेन्सरवरचा एक पिक्सेल आहे ४ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे जो बिंदू दोन-तीन पिक्सेलमध्ये मावायला हवा तो सात-आठ पिक्सेलभर पसरतो. हा प्रकाशाचा स्वभाव आहे, लाख रुपयांची लेन्स लावली तरी एफ/२२ ला हेच होणार. तोच फोटो एफ/८ ला काढून पाहा. त्यात भर म्हणजे दुपारचा एक वाजलाय. खालच्या धुरकट हवेला कुठलीच लेन्स कापू शकत नाही. भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाणारे भल्या पहाटे का निघतात? ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि लांबचा पक्षी मोठ्या लेन्सनेही लोण्यासारखा दिसतो. मग परतताना गाडीत लेन्सच्या नावाने खडे फोडणं सुरू होतं.

तिसरा, जास्वंदीचा. हा तर तुमच्या लेन्सचा साक्षीदारच आहे. फूल धूसर आहे, पण मागच्या पानाच्या शिरा मोजता येतात. लेन्सने काम चोख केलंय, फक्त भलत्या जागी. किट लेन्स साधारण २५ सेंटिमीटरपेक्षा जवळचं फोकस करू शकत नाही, आणि हे अंतर लेन्सच्या तोंडापासून मोजत नाहीत, सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक बारीक खूण असेल, गोलातून आरपार गेलेली रेघ. तिथून मोजायचं. तुम्ही फुलाच्या फार जवळ गेलात, ते कॅमेऱ्याच्या टप्प्यात आलं नाही, आणि फोकसचे सगळे पॉइंट ऑटोवर असल्यामुळे त्याने जे सापडलं ते पकडलं. शिवाय इतक्या जवळून ५५ वर एफ/५.६ ला शार्प भाग असतो जेमतेम तीन-चार मिलिमीटर, आणि जास्वंदीचा तुरा बोटभर लांब. अर्धं बटण दाबून फोकस लॉक केल्यावर श्वास घेताना अंग पुढे झुकलं तरी फोकस गेला. मधला एकच पॉइंट निवडा, थोडं मागे सरका, आणि एक सोडून पाच फोटो काढा.

मोबाइलशी तुलनेचंही सांगतो. मोबाइल तुम्हाला न विचारता अनेक फ्रेम एकत्र करतो, धार चढवतो, मग दाखवतो. कॅमेरा एवढी लुडबुड करत नाही. आणि तुम्ही पाहताय १०० टक्के मोठं करून. ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो साध्या मॉनिटरवर पूर्ण आकारात पसरला तर पाच फुटांहून रुंद होतो. पाच फुटांचा फ्लेक्स वीतभर अंतरावरून पाहिला तर काय दिसणार?

आता खरी चाचणी. सकाळी तासाभराचं काम आहे.

त्याआधी लेन्सवरचा फिल्टर काढा. तुम्ही फिल्टरचा उल्लेख केला नाहीत, पण तो आहे. बारशाच्या फोटोत उजव्या खालच्या कोपऱ्यात त्याच माळेची हिरवट, उलटी पडछाया दिसते. दिवे डावीकडे वर, छाया उजवीकडे खाली. काचेपुढे आणखी एक सपाट काच असली की असं भूत उमटतं. हे मला महागात पडून कळलंय. काही वर्षांपूर्वी ७०-३०० ची लेन्स घेतली, दुकानदाराने "प्रोटेक्शनला असू दे" म्हणून फुकट फिल्टर बसवून दिला. ३०० वर एक फोटो धड येईना. भांडून लेन्स बदलून आणली. नवी लेन्सही तशीच. तिसऱ्यांदा दुकानात जायच्या आदल्या रात्री पुसायला म्हणून फिल्टर काढला, सहज खिडकीतून समोरच्या टाकीवर नेम धरला, आणि टाकीवरच्या शिडीचे नटबोल्ट दिसले. पहिली लेन्सही चांगलीच होती बिचारी.

तर फिल्टर काढून ठेवा. उजेड पडणाऱ्या भिंतीवर वर्तमानपत्राची पाच पानं चिकटवा, चार कोपऱ्यांना आणि एक मध्ये. छोट्या जाहिरातींची पानं सगळ्यात उत्तम, अक्षर बारीक असतं. कॅमेरा ट्रायपॉडवर, दीड मीटरवर, झूम ३५ वर. म्हणजे चौकटीत भिंतीचा साधारण एक मीटर रुंद भाग येईल. आता कॅमेरा भिंतीला अगदी समांतर हवा, आणि डोळ्याच्या अंदाजाने तो होत नाही. मधल्या पानावर दाढी करायचा छोटा सपाट आरसा भिंतीला चिकटून धरायला घरातल्या कुणालातरी सांगा. तुम्ही व्ह्यूफाइंडरमधून बघा. आरशात तुमच्याच लेन्सचं तोंड बरोबर चौकटीच्या मध्यावर दिसेपर्यंत कॅमेरा हलवत राहा. दिसलं की समांतर झाला. आरसा काढा.

ही कटकट उगाच सांगत नाही. हबल दुर्बिणीचा आरसा घासताना तो तपासायच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसलं होतं. आरसा त्या चुकीच्या मापाबरहुकूम अगदी तंतोतंत घासला गेला, १९९० साली अवकाशात गेला, आणि फोटो आले धूसर. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर वर जाऊन दुरुस्ती करून आले. आपल्याला वर जायचं नाही, आरसा धरायला एक माणूस पुरतो.

आयएसओ १००, स्टॅबिलायझर बंद, टायमर लावून, म्हणजे बटण दाबल्याचा धक्काही नको. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर चित्र बघत फोटो काढणं) चालू करा, मधल्या पानावर फोकस करा, आणि अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, मग एफ/८ ला, मग एफ/२२ ला असे काढा. प्रत्येक वेळी फोकस नव्याने करून तीन-तीन. मग लाइव्ह व्ह्यू बंद करून, व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून पूर्ण उघड्या अॅपर्चरला आणखी तीन.

एफ/८ च्या फोटोत मधल्या पानावरचं बारीक अक्षर स्वच्छ वाचता आलं तर लेन्सची प्रकृती ठीक आहे. एफ/२२ वाला मऊ दिसेल, तो तुमचा खडकवासला. पूर्ण उघड्या अॅपर्चरला चारही कोपरे थोडे सारखेच मऊ असतील तर तीही तक्रार करायची गोष्ट नव्हे, किट लेन्सचे कोपरे तसेच असतात. एवढ्यापुरतं दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे.

लाइव्ह व्ह्यूचे फोटो शार्प आणि व्ह्यूफाइंडरचे तिन्ही मऊ निघाले, तर लेन्सच्या काचा ठीक आहेत, फोकसचा मेळ बसत नाहीये. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून बघता तेव्हा फोकस ठरवणारा सेन्सर वेगळा असतो, कॅमेऱ्याच्या तळाशी. कॅमेऱ्यातल्या मुख्य आरशाच्या मागे लपलेला छोटा आरसा त्याच्याकडे प्रकाश पाठवतो. हा रस्ता आणि मुख्य सेन्सरपर्यंतचा रस्ता यांत केसभर फरक पडला की फोकस कायम थोडा पुढे किंवा मागे बसतो. वरच्या दर्जाच्या कॅमेऱ्यांत हे मेनूतून जुळवता येतं, सुरुवातीच्या मॉडेलांत बहुधा ती सोय नसते. अशा वेळी सर्व्हिस सेंटरला बॉडी आणि लेन्स दोन्ही द्यायची, एकटी लेन्स नाही. (मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेरावाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, त्यांचा फोकस मुख्य सेन्सरवरच ठरतो.)

आणि एफ/८ लाही एकच बाजू किंवा एकच कोपरा धुवून गेल्यासारखा दिसला, तर मात्र संशय खरा. आतली एखादी काच तिरकी बसली असेल. पण लगेच दुकान गाठू नका. कॅमेरा ट्रायपॉडवरून काढा, पुस्तकांच्या चळतीवर उलटा, डोकं खाली करून ठेवा, आरशाने परत समांतर करा आणि तोच फोटो काढा. आता दोन्ही फोटोंत कुठली जाहिरात वाचता येत नाही ते बघा. दोन्ही वेळा 'वधू पाहिजे'चंच पान धूसर असेल, तर भिंत किंवा तुमची मांडणी तिरकी आहे, लेन्स नाही. आधी 'वधू पाहिजे' धूसर होतं आणि उलटा केल्यावर समोरच्या बाजूचं 'जागा भाड्याने देणे' धूसर झालं, तर दोष कॅमेऱ्यासोबत फिरलाय. तो लेन्सचाच.

माझ्या एका वाइड झूमचं असंच होतं. ग्रुप फोटोत उजव्या टोकाची माणसं कायम मऊ, आणि दरवेळी तिथे नेमके वरपक्षाचे काका उभे. दुकानात गेलो तर आधी "तुमची वापरायची पद्धत चुकतेय" ऐकून घेतलं. मग हेच दोन फोटो, सरळ आणि उलटा, लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावून दाखवले. फार बोलावं लागलं नाही. म्हणून सांगतो, मेहुण्यांचं मत घेऊन जाऊ नका, या दोन फाइली घेऊन जा, आणि मूळ फाइलीच न्या. व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आक्रसून येतो, त्यात कुठलीही लेन्स सारखीच दिसते.

तुमच्याकडे तीन दिवस आहेत. उद्या सकाळी उरकून टाका आणि एफ/८ चा सरळ व उलटा फोटो इथे जोडा, मी बघतो. बदलायची वेळ आलीच तर दुकानात जाताना तो फिल्टर घरीच ठेवा, आणि नव्या लेन्सवर दुसरा चढवायला लागले तर राहू द्या म्हणा.