मिश्रणाच्या गणितांना फुलीची पद्धत असताना समीकरण कशाला मांडायचं?

तुम्ही विचारलंय की '४० लिटर दुधात १०% पाणी आहे, आणखी किती पाणी घातलं तर ते २०% होईल' अशा गणितांचं समीकरण जमत नाही, क्लासमध्ये फुलीची पद्धत (दोन पदार्थांचे टक्के दोन टोकांना, हवे ते मध्ये लिहून तिरक्या वजाबाक्यांनी प्रमाण काढायचं) पुरे म्हणतात, तर क्षचा नाद सोडू का? अजिबात सोडू नका.

आधी तुमचं गणित. आत्ता पाणी ४ लिटर. क्ष लिटर घातलं की पाणी ४ + क्ष आणि एकूण ४० + क्ष. म्हणजे ४ + क्ष = ०.२ (४० + क्ष), क्ष = ५. मिश्रणात समीकरण दरवेळी नव्याने शोधावं लागत नाही. ज्या घटकाबद्दल विचारलंय तो वेगवेगळ्या भांड्यांतून मिळून जेवढा आला, तेवढाच शेवटच्या भांड्यात असतो. टक्क्यांची बेरीज करायची नाही, लिटरची किंवा किलोची करायची. एवढंच.

आता मी हे इतकं तावातावाने का लिहितेय ते सांगते. माझी नोकरी दूध डेअरीत, प्रमाणीकरणाच्या, म्हणजे दुधातले घटक ठरलेल्या प्रमाणात आणण्याच्या विभागात झाली. आमच्याकडेही फुली वापरतात, तिला पिअर्सन स्क्वेअर म्हणतात. माझा थोरला भाऊ स्पर्धा परीक्षांचा क्लास घेतो. एका भाऊबिजेला भाची असंच एक गणित सोडवत बसली होती. तिने क्ष धरला तसा दादा म्हणाला, "खोड ते. फुली मार, अर्ध्या मिनिटात उत्तर." मी म्हटलं, मांडू दे तिला. तेव्हा मला उत्तर मिळालं, "तुमच्या डेअरीतही फुलीच मारता ना? मग शाळकरी पद्धत कशाला?"

फराळाची ताटं बाजूला सारून मी त्याला आमचं रोजचं गणित घातलं. टोन्ड दूध. दारा खुरोडींनी १९४६ मध्ये मुंबईत ते पहिल्यांदा आणलं. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि दूध पावडर घालून तेवढ्याच दुधात जास्त घरं भागवायची, ही त्यामागची युक्ती. मी दिलेले आकडे असे: म्हशीचं दूध ६% फॅट, ९% एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). पावडर ९६% एसएनएफ, तिचं जेमतेम फॅट सोडून दे. हवंय १००० किलो टोन्ड, ३% फॅट आणि ८.५% एसएनएफचं.

दादाने फुली मारली. एकीकडे ६, दुसरीकडे पाण्याचं ०, मध्ये ३. उत्तर १:१, म्हणजे ५०० किलो दूध आणि ५०० किलो पाणी. फॅट बरोबर ३ आलं. "आणि एसएनएफ?" मी विचारलं. ते ४.५ भरत होतं. असं दूध पिशवीत भरलं तर ती भेसळ ठरते. पावडर फुलीच्या कुठल्या टोकाला लिहायची, यावर तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला.

भाचीने मात्र दूध, पावडर आणि पाणी यांना क्ष, य, झ अशी नावं दिली आणि तीन ओळी लिहिल्या. एकूण वजन: क्ष + य + झ = १०००. फॅट: ०.०६ क्ष = ३०, म्हणून दूध ५०० किलो. एसएनएफ: ०.०९ × ५०० म्हणजे ४५ किलो दुधातूनच आलं, हवं ८५, उरलेलं ४० पावडरीतून, म्हणजे ४० ÷ ०.९६, सुमारे ४१.७ किलो पावडर. राहिलं ते पाणी, ४५८.३ किलो. बारावीची मुलगी, डेअरीचं तोंडही न पाहिलेली, तिने बॅच काढून दाखवली.

दादाचं म्हणणं, "असं परीक्षेत येत नाही." वर भास्कराचार्यांचा दाखला. लीलावतीत (११५०) सुवर्णगणित आहे, त्यात १६ आणि १० वर्णाचं (वर्ण म्हणजे सोन्याचा कस) सोनं मिसळून १२ वर्णाचं करायचं उदाहरण येतं आणि तिथे दिलेला नियम ही फुलीच आहे. हे खरं आहे. पण त्याच प्रकरणाची सुरुवात वजन आणि वर्ण यांच्या गुणाकारांच्या बेरजेने होते, फुलीचा नियम नंतर येतो. १६ वर्णाचं अ आणि १० वर्णाचं ब घेतलं तर १६अ + १०ब = १२(अ + ब), म्हणून ४अ = २ब, प्रमाण १:२. फुली यातूनच निघते. ज्याला ही ओळ येते त्याला फुली आपोआप येते. उलट होत नाही. हे मी दादाला तेव्हाही सांगितलं होतं, आजही तेच सांगते.

दोनच पदार्थ आणि एकच अट असेल तर परीक्षेत फुली वापरायला माझी हरकत नाही, वेळ वाचतो. अमुक लिटर काढून तेवढंच पाणी घाला, असं पुन्हा पुन्हा करा, या प्रकारात मात्र जे फक्त कमी होत जातं त्याच्यावरच लक्ष ठेवा: ४० लिटर दुधातून दोनदा ४ लिटर काढून पाणी घातलं तर दूध ४० × ०.९ × ०.९ = ३२.४ लिटर उरतं. आणि पुस्तकात लिटर सरळ मिळवतात ते गणितापुरतं. अल्कोहोल आणि पाणी खरोखर मिसळलं तर आकारमान बेरजेपेक्षा थोडं कमी भरतं. म्हणून प्रत्यक्ष कामात हिशोब वजनाने करतात.

वहीत तीन रकाने आखा: किती घेतलं, त्यात किती टक्के, म्हणजे किती किलो. तिसऱ्या रकान्याची बेरीज हेच तुमचं समीकरण. आणि क्लासच्या सरांना एकदा विनंती करा की फुली कुठून येते ते फळ्यावर काढून दाखवा. दाखवलं तर त्यांच्याकडून खुशाल शिका.