भाडेकरूसोबत येणारा कुत्रा

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

पुण्यातील फ्लॅटसाठी विचारणा करणाऱ्या कुटुंबाकडे कुत्रा आहे, म्हणून होकार द्यावा की नाही, असे तू विचारले आहेस. नकार द्यायचाच असेल तर तो स्वतःचा म्हणून दे. ‘सोसायटीत चालत नाही’ ही सबब पुढे करू नकोस. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बहुसंख्य रहिवाशांची इच्छा असली तरी सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. आपल्या घरापुरती अट कराराच्या वेळी घालणे हा मात्र तुझा प्रश्न आहे.

माझे मत विचारशील तर, सरसकट होकार किंवा नकार न देता त्या कुटुंबाला कुत्र्यासह एकदा घर पाहायला बोलाव. कुत्र्याच्या जातीपेक्षा त्याचे वय आणि तो दिवसातून किती वेळ एकटा राहणार, हे अधिक महत्त्वाचे असते. दात येणारे पिल्लू किंवा दिवसभर कोंडलेला कुत्रा दाराची चौकट कुरतडतो आणि भुंकून शेजाऱ्यांना हैराण करतो, तर रोज दोनदा फिरायला नेला जाणारा प्रौढ कुत्रा बहुतेक वेळ झोपून काढतो. रेबीजच्या लसीची नोंद असलेले कार्ड आणि महापालिकेचा परवाना अवश्य पाहा. ही कागदपत्रे वेळच्या वेळी करणारा माणूस घरही नीट ठेवतो, असा माझा अनुभव आहे. तुझ्या हॉलमधील व्हिट्रिफाइड फरशीची काळजी नको. मात्र बेडरूममधील लाकडी फ्लोअरिंगच्या सांध्यांत लघवी मुरली तर वास सहजासहजी जात नाही, म्हणून त्या खोलीविषयी आधीच स्पष्ट बोल.

जे ठरेल ते लिव्ह अँड लायसन्स करारात लिही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. त्यामुळे तोंडी परवानगीवर विसंबणे दोघांनाही धोक्याचे आहे. कुत्र्याची संख्या व वर्णन, घर सोडताना गोचिडांसाठी पेस्ट कंट्रोल, आणि नुकसानभरपाई अनामत रकमेतून कशी वळती होईल, एवढे कलम पुरे; त्यासाठी अनामत दुप्पट मागणे मला न्याय्य वाटत नाही. घरात शिरताना काढलेले फोटो दोघांकडेही असू देत.

मन तयार नसेल तर आत्ताच नाही म्हण. मध्येच परवानगी काढून घेतली की कुटुंबापुढे घर किंवा कुत्रा असा पेच उभा राहतो, आणि प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा असूनही अनेक कुत्री अशीच रस्त्यावर येतात. होकार देणार असशील तर समोरच्या फ्लॅटमधील शेजाऱ्यांना करारापूर्वी कळव. त्यांच्या घरात कोणी कुत्र्याला घाबरत असेल तर जिन्यात आणि लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरण्याची अट त्याच कलमात घालता येईल.

तुझा शुभचिंतक