वाचकांचे प्रश्न : हाडाच्या कर्करोगानंतर पायातला धातूचा सांधा

मुलगा १७ वर्षांचा आहे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला ऑस्टिओसार्कोमा (हाडाचा कर्करोग) होता. पाय न कापता तेवढे हाड काढून धातूचा सांधा बसवला, केमोही संपली. गुडघा ९० अंश वाकतो. मांडी घालून बसणे, क्रिकेट खेळणे कधी जमेल? (एक आई, सांगली)

मांडी, उकिडवे, वज्रासन या तिन्हींना नाहीच म्हणावे लागेल. आजी-आजोबांच्या गुडघाबदलाशी याची तुलना करू नका. तिथे हाडाच्या टोकांवर धातूचे आवरण बसते. इथे गाठीबरोबर हाडाचा मोठा तुकडा, लिगामेंट (हाडांना जोडणारे पट्टे) आणि मांडीच्या स्नायूचा काही भागही जातो. सांधा टिकतो तो आतल्या बिजागरीवर आणि हाडात रोवलेल्या दांड्यावर. त्यामुळे पाय पिळला किंवा उडी मारली की सगळा ताण दांडा आणि हाड जिथे भेटतात तिथे येतो.

खुर्ची, बसची सीट, कमोड यांना ९० अंश पुरतात. भारतीय संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मेडिकल दुकानात मिळते. बसल्यावर गुडघा कमरेपेक्षा वर जाणार नाही एवढी उंच घ्या.

घरचे लोक वाकण्याचे अंश मोजत बसतात, पण आमच्या मते पाय पूर्ण सरळ होणे जास्त मोलाचे. सरळ न होणारा गुडघा चालताना अचानक मुडपतो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची, गुडघा खाली दाबायचा, पाच अंक मोजून सोडायचे. असे १० वेळा, दिवसातून तीनदा. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

पोहणे आणि सीट उंच केलेली सायकल चालेल. बॉलिंग, धावा पळणे, फुटबॉल नको. अंपायरिंग जरूर करू द्या.

नडगीच्या वरच्या भागात सांधा बसवून दोन वर्षे झाली. महिन्यापूर्वी त्वचा लाल, गरम झाली. जवळच्या डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिले. लाली गेली आणि परत आली. कोर्स वाढवू का? (वाचक, लातूर)

मनाने वाढवू नका. जिथे ऑपरेशन झाले त्या टीमला याच आठवड्यात दाखवा. थंडी वाजून ताप आला किंवा व्रणातून पाणी-पू येऊ लागला, तर त्याच दिवशी.

नडगीवर स्नायूंचे आवरण मुळातच पातळ असते. म्हणून ऑपरेशनमध्ये पोटरीचा स्नायू वळवून धातूवर घेतात. तरीही संसर्गाचा धोका इथे जास्त राहतो. जंतू धातूवर पातळ थर करून चिकटतात, आणि धातूला रक्तपुरवठा नसल्याने गोळी तिथे नीट पोचत नाही. लाली उतरते, पण जंतू तिथेच राहतात. शिवाय अँटिबायोटिक चालू असताना सांध्यातले पाणी तपासले तर कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) जंतू अनेकदा उगवत नाहीत आणि कोणते औषध लागू पडेल ते कळत नाही. म्हणून क्रम असा: ईएसआर, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), मग निर्जंतुक वातावरणात सुईने पाणी काढून कल्चर, आणि नंतर औषध. रुग्ण गंभीर असेल तर मात्र औषध थांबवून ठेवत नाहीत. घेतलेल्या गोळीचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहून न्या.

लवकर पकडले तर सांधा धुऊन, प्लॅस्टिकचे भाग बदलून वाचू शकतो. मुरलेल्या संसर्गात बहुधा सगळा धातू काढून काही काळ अँटिबायोटिक मिसळलेले सिमेंट ठेवतात, आणि मग नवा सांधा.

तोपर्यंत शेक, लेप, मालीश बंद. साध्या दवाखान्यात कुणालाही त्या गुडघ्यात सुई घालू देऊ नका. किडलेले दात, टाचेच्या भेगा, नखुरडे, लघवीची जळजळ यांवर वेळीच उपचार करा. जंतू तिथून रक्तावाटे सांध्यात पोचू शकतात.

आठ वर्षांनी गुडघा खटखट वाजू लागला आहे. उठल्यावर पहिली चार पावले मांडी दुखते. कर्करोग उलटला का? (वाचक, नागपूर)

नुसता आवाज, तोही पहिल्यापासूनचा, म्हणजे बिजागरीचाच. नव्याने आवाज आणि सोबत गुडघा डगमगणे, म्हणजे प्लॅस्टिकचा बुश (बिजागरीतले अस्तर) झिजला असावा. तो बदलण्याचे ऑपरेशन तुलनेने छोटे असते. पहिल्या पावलांना दुखून मग कमी होणे ही दांडा सैल झाल्याची खूण असू शकते. पडल्या पडल्या किंवा रात्री वाढणारे दुखणे असेल, नवी गाठ हाताला लागली, तर आजार उलटणे आणि संसर्ग दोन्ही तपासलेच पाहिजेत.

एक्स-रे काढताना इथे घोळ होतो: फक्त गुडघ्याची फिल्म निघते आणि दांड्याचे टोक दिसतच नाही. खुब्यापासून घोट्यापर्यंत, समोरून आणि बाजूने, असे चिठ्ठीवर लिहून घ्या. जुन्या फिल्म सोबत न्या, दांडा पक्का करणारे सिमेंट आणि हाड यांमधली काळी रेघ रुंदावली का ते तुलनेनेच कळते. सांध्याची कंपनी आणि आकार लिहिलेले स्टिकर ऑपरेशनच्या कागदांत असते, ते जपा. बुश त्याच बनावटीचा लागतो. छातीची तपासणीही चुकवू नका, हा कर्करोग पसरतो तो बहुधा फुप्फुसांत.

पाय दोन सेंमी आखूड झाला आहे. (वाचक, पणजी)

साधारण एक सेंमीपर्यंतची उंची बुटाच्या आत टाचेखाली बसते, बाकीची तळव्याला बाहेरून लावावी लागते. घरात अनवाणी चालत असाल तर घरच्या चपलेलाही तेवढाच थर लावून घ्या.