बैलाचं इंजेक्शन आणि गिधाडं

प्रश्न : आमचं गाव चोपडा तालुक्यात. माझी आजी सांगते का आधी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात गिधाडांचा थवा उतरायचा, आता नुसती कुत्री. डॉक्टर म्हटले ढोरांच्या दुखण्याच्या औषधानं गिधाडं मेली. खरंय का? आणि तेच डायक्लोफेनॅक मी गुडघ्यासाठी घेतो, मग मलाही धोका का?

उत्तर : भाऊ, डॉक्टर बरोबर बोलले. शरीरात जी गोष्ट मुळात बनत नाही, बाहेरून येते, म्हणजे औषध, फवारणीचं विष, रंग, ती शरीरासाठी परकी. लिव्हर तिला मोडतं, पाण्यात विरघळेल अशी करतं आणि बरीचशी लघवीवाटे जाते. डायक्लोफेनॅकचं माणसाच्या रक्तातलं प्रमाण एक-दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून ते वर्षानुवर्षं साठत नाही. पण रोज गोळी खात असाल तर पोटाला आणि किडनीला त्रास होतोच, डॉक्टरला विचारूनच घ्या.

गिधाडाचं शरीर वेगळं. इंजेक्शन दिलेला बैल दोन-चार दिवसांत दगावला तर औषध मांसात उरतं, ते खाल्लं की गिधाडाची किडनी बंद पडते, युरिक ॲसिड म्हणजे शरीरातला कचरा बाहेर पडत नाही आणि मेलेला पक्षी चिरला तर काळजावर, लिव्हरवर, किडनीवर त्याचाच चुना फासल्यासारखा पांढरा थर दिसतो. हे पाकिस्तानात शोधलं गेलं, २००४ मध्ये छापून आलं. तोपर्यंत लोकांना वाटायचं काहीतरी रोग आलाय. एका ढोरावर पन्नास गिधाडं बसतात ना, म्हणून शंभरात एखाद्याच मेलेल्या ढोरात औषध असलं तरी सगळा थवा संपायला पुरे. १९९२ ते २००७ मध्ये भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. आजीनं जे पाहिलं ते खरंच होतं हो.

२००६ ला ढोरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद झालं, पण माणसांची मोठी बाटली आणून ढोरांना टोचणं चालूच राहिलं म्हणून २०१५ ला माणसांचं इंजेक्शनही ३ मिलीच्या एका डोसमध्येच विकायचं ठरलं. २०२३ ला ढोरांसाठी केटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफेनॅक या दुखण्याच्या दुसऱ्या औषधांवरही बंदी आली, कारण तीही गिधाडांना मारतात.

डीडीटी या फवारणीच्या विषाचं मात्र उलटं, ते चरबीत मुरतं, निघायला वर्षं लागतात, आणि चारा, दूध, माणूस असं वर चढत जातं. म्हणून परक्या रसायनाबद्दल दोन गोष्टी विचारायच्या, शरीरातून बाहेर कधी पडतं आणि तोपर्यंत ते कोणाच्या पोटात जातं.

तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. बैल लंगडला, गाय तापली तर ढोरांच्या डॉक्टरला मेलॉक्सिकॅम हे दुखण्याचं औषध द्यायला सांगा, ते गिधाडांना चालतं हे तपासलेलं आहे, दुकानातून माणसांचं इंजेक्शन आणून सालदाराच्या हातून टोचू नका. आणि आठवड्याभरात दुसरं कुठलं दुखण्याचं इंजेक्शन दिलेलं ढोर दगावलंच तर उघड्यावर न टाकता खोल पुरा.