आता हातात रंग देऊन काय होणार?

"बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन दीड वर्ष झालं. फिजिओथेरपी चालू आहे, पण उजवा हात अजून उचलत नाही आणि बोलणंही अडतं. कुणीतरी आर्ट थेरपी, म्हणजे चित्र-रंगांच्या मदतीने होणारा मनाचा उपचार, सुचवली. बाबांनी आयुष्यात कधी चित्र काढलेलं नाही. या वयात पोरांसारखे रंग पुढे ठेवले तर त्यांना अपमान वाटेल. आणि हाताला त्याचा उपयोग तरी काय?" एका मुलीने हे विचारलं आहे. झटक्यानंतरचं पहिलं वर्ष उलटलं की बऱ्याच घरांतून हीच शंका माझ्याकडे येते.

उत्तरादाखल मास्तरांबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मास्तर तालुक्याच्या गावात शिवणकाम करायचे. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला, उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचाघात झाला. ऐकलेलं बरंचसं समजायचं, पण तोंडातून 'हां' आणि 'बास' एवढंच निघायचं. तेही उलटसुलट. मनात नको असताना 'हां' यायचं. मग घरच्यांनी हळूहळू विचारणंच सोडलं. जेवायला काय, सदरा कोणता, पाहुणे आले तर बाहेर बसायचं की आत, सगळं परस्पर ठरायचं. यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. पण उभ्या बाजारपेठेची मापं घेतलेल्या माणसाला दिवसभरात एकही गोष्ट स्वतः ठरवता येत नव्हती, आणि हाताच्या दुखण्याइतकंच हे दुखणं मोठं होतं.

मी रंग काढलेच नाहीत. मास्तरांच्या पत्नीला, काकूंना म्हटलं, दुकानातल्या उरलेल्या कापडांचं गाठोडं आणा. टेबलावर जाड पुठ्ठा चिकटपट्टीने पक्का केला, म्हणजे एका हाताने काम करताना तो सरकत नाही. त्यांचा उजवा हात खाली लोंबकळू न देता टेबलावरच नीट टेकवला. गोंदाच्या ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला. सुरुवातीला मास्तरांनी काही चिकटवलंच नाही. डाव्या हाताच्या चिमटीत प्रत्येक तुकडा चोळून पाहायचे. सुटिंग एकीकडे, अस्तर दुसरीकडे, नापसंत तुकडा सरळ खाली. 'नको' म्हणायला शब्द लागत नव्हता. मला त्या बैठका फार मोलाच्या वाटतात, जरी पुठ्ठा कोराच राहिला होता.

पुढे त्यांनी वर एक लांब करडी पट्टी लावली. खाली तपकिरी तुकडे. कातरायचं काम काकूंकडे. कुठे कापायचं ते मास्तर बोटाने दाखवत. डावा कोपरा मात्र मोकळा ठेवला आणि तिथे बोट आपटत राहिले, "बास, बास." मुलाला वाटलं जागा उघडी दिसते, म्हणून त्याने फुलाफुलांचा तुकडा तिथे ठेवला. मास्तरांनी तो हाताने उडवून लावला. मुलाला मी थांबवलं. चित्राचा अर्थही मी सांगितला नाही. तो ओळखून दाखवणं हे माझं काम नव्हे. घर, दवाखाना, दुकान अशी साधी चित्रकार्डं पुढे मांडली. त्यांनी दुकानावर हात ठेवला. मग तो मोकळा कोपरा काकूंना कळला. तिथे शिलाई मशीन असायचं. दवाखान्याच्या खर्चापायी ते विकलं होतं, आणि मास्तरांना कुणी सांगितलंच नव्हतं. कळणार नाही असंही वाटलं होतं, आणि कळलं तर सोसणार नाही असंही.

मुलाने तिथेच, त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. मास्तर रडले. नंतर काही दिवस मुलाकडे बघेनात. काकूंचा फोन आला, "यानं बिघडलंच की!" माझं मत वेगळं होतं. स्ट्रोकनंतर काहींना कारण नसताना रडू कोसळतं आणि लगेच थांबतं. ते मेंदूच्या इजेमुळे. हे तसं नव्हतं. नुकसान खरं होतं, राग त्याला साजेसा होता, आणि तो पहिल्यांदाच समोरच्यापर्यंत पोचला होता.

उजव्या हाताचं म्हणाल तर बोटं थोडी सैल झाली. ते श्रेय फिजिओथेरपीचं आहे, कापडाच्या चित्राचं नाही. वाचा-उपचारतज्ज्ञांनी मात्र तेच चित्र पुढ्यात ठेवून सराव घेतला, आणि 'मशीन' हा शब्द तिथे फुटला. घरी आता दोन सदरे समोर धरतात. मास्तर बोट दाखवतात.

जर्मन चित्रकार लोव्हिस कोरिंट यांना डिसेंबर 1911 मध्ये झटका आला आणि त्यानंतरही ते वर्षानुवर्षे रंगवत राहिले. पण ते मुळातच चित्रकार होते. तुमच्या बाबांना चित्रकार व्हायचं नाही, म्हणून चित्र येतं की नाही हा प्रश्नच बाजूला ठेवा.

घरी करून पाहणार असाल तर एवढं सांभाळा. बैठक छोटी ठेवा. स्ट्रोकनंतरचा थकवा आळस नसतो. "हे काय काढलंय?" असं विचारू नका, आणि काहीही झालं तरी त्यांचं चित्र तुम्ही पुरं करू नका. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्यांचं कधीकधी कागदाच्या डाव्या अर्ध्याकडे लक्षच जात नाही. तसं दिसलं तर ती बाजू रिकामी सोडण्यात अर्थ शोधत बसू नका, डॉक्टरांना सांगा. झोप-भूक गेली असेल, जगण्यात राम नाही असं ते सुचवत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषधं आहेत. आर्ट थेरपी त्याच्या जोडीने चालते, त्याच्याऐवजी नाही.

आणि बाबा पूर्वी कोणतं काम करायचे ते मला कळवा. शेती, गवंडीकाम, बँक, काहीही. समोर काय मांडायचं ते त्यावरून ठरवू.